सतरा आणि चौतीस

वास यायचा थांबला की मला भीती वाटते. सुक्या मासळीच्या बाजारात पाच मिनिटांत नाक सरावतं, सगळ्यांचंच सरावतं. मी मात्र मध्येच थांबते आणि अंगठा नाकाशी नेऊन साबणाचा वास येतोय ना ते बघते. आई हसते. तिला कारण माहीत आहे, तरी हसते. मी लिहिलेल्या एका पत्रकावर विश्वास ठेवून एक माणूस मरायला निघाला होता, आणि त्या दुपारी त्यालाही वास यायचा थांबला होता.

माझे बाबा शाळामास्तर, पण बौद्धवाडीत आणि आसपासच्या चार गावांत त्यांची ओळख पत्रकवाले म्हणून. नळाला पाणी नाही, पत्रक. पोरांची शिष्यवृत्ती अडकली, पत्रक. खारभूमीचा बांध फुटून शेतात समुद्र आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर पत्रक. उरलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर पडलेले असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, आणि आईनं त्यांतच बोंबील गुंडाळून शेजारी पाठवले. चौथीत असताना 'माझी सहल' या निबंधाचा शेवट मी 'जाहीर निषेध असो' असा केला होता. सहलीची बस तीन तास उशिरा आली होती, म्हणून.

बाबांचा पत्रकाचा एक नियम होता. "वाचणारा माणूस उभा असतो. एका हातात पिशवी असते. त्याला एकच गोष्ट सांगायची. 'जर' आणि 'पण' भाषणासाठी ठेव." हा नियम मी इतर कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळला. मला आवडायचाच तो. जगात चूक कुणाची आहे हे एका पानात सांगता येतं, असं मला विशीपर्यंत मनापासून वाटत होतं.

आई बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. लाद्या फोडणाऱ्या यंत्रापाशी फावड्यानं बर्फ ओढायचा, टोपल्या भरायच्या, बोटींवर चढवणाऱ्यांच्या डोक्यावर द्यायच्या. मी अलिबागला कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. आई एकदा भर दुपारी घरी आली. डोळे सुजलेले, घसा बसलेला. पदर तोंडावरून काढला तेव्हा मी आधी पदरच बघत राहिले. सकाळी कालवण करताना त्यावर हळद सांडली होती. पिवळा डाग होता तो. आता विटकरी लाल झाला होता.

"काय झालं?"

"गॅस सुटला. नेहमीचाच. आज जरा जास्त."

"कुठला गॅस?"

"मशीनचा. गॅसला काय नाव ठेवून बारसं करतात का?"

नाव होतं. अमोनिया. मी तिच्या डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले, आणि ती जरा बरी झाल्यावर डब्यातून एक वाल आणि तीन मूग काढून ताटात मांडले. वाल म्हणजे नायट्रोजनचा अणू, मूग म्हणजे हायड्रोजनचे. चौघं एकमेकांना धरून बसतात तो अमोनियाचा एक रेणू. वालाचं वजन चौदा, एकेका मुगाचं एक.

"सतरा," आई म्हणाली. टोपल्या मोजणारी बाई, तिला बेरीज सांगावी लागत नाही. "आणि हे कुणी बघितलंय?"

"एवढे बारीक डोळ्यांना कसे दिसतील? हिशेब लागतो म्हणून मानतात."

"देवासारखं?"

"नाही गं. देवाचा हिशेब लागत नाही."

आतल्या खोलीत बाबा मोठ्यानं हसले.

मग मी तिला बाकीचं सांगितलं. हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन, दोन-दोन अणूंच्या जोड्या, सरासरी वजन एकोणतीस. अमोनिया सतराचा, म्हणजे हवेहून हलका, तो वर जातो. शिवाय त्याला पाण्याची भारी ओढ. ओलं फडकं तोंडावर धरलं की बराचसा त्यातच अडकतो. पाण्याशी जुळला की त्याचा आम्लारी होतो, साबणासारखा, आणि तो लागला की हळद लाल होते.

आईनं पदराचं टोक बोटांत धरलं. "म्हणजे माझ्या पदराला कळलं. मालकाला अजून कळायचंय."

त्याच संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. पुढच्या पानावर मागण्या होत्या: पाण्याचा फवारा हवा, मुखवटे हवेत, भोंगा हवा. मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी. तोंडावर ओलं फडकं बांधा. खाली वाका, जमिनीलगत राहा, गॅस वर जातो. वारा येतो त्या बाजूनं बाहेर पडा.

मथळा होता 'अमोनिया गॅस सुटला तर'. बाबांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि पहिला शब्द खोडला. "बंदरावर कोण अमोनिया म्हणतं? गॅस म्हणतात. तू पण गॅस म्हण."

मी वाद घालायला हवा होता. मी भाजीच्या जुडीवरूनही वाद घालते. त्या दिवशी घातला नाही, कारण मथळा छोटा झाला होता आणि छान दिसत होता.

पत्रकाचा गाजावाजा झाला. दोन आठवड्यांत कारखान्याच्या दारात नळ बसला, भिंतीवर दोन मुखवटे लटकले. बायका आईला 'शास्त्रीणबाईंची आई' म्हणू लागल्या. आणि दादूसनं ते पत्रक प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि बोटीच्या केबिनच्या दाराला आतून ठोकलं.

दादूस म्हणजे आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातला तांडेल, स्वतःची बोट स्वतः चालवणारा मालक. त्याची बायको, जिला मी वयनी म्हणते, आणि आई बंदरावरच्या मैत्रिणी. लहानपणी मला खांद्यावर घेऊन त्यानं होळीचं सोंग दाखवलं होतं. पत्रक ठोकल्यावर त्यानं मला मुद्दाम बोटीवर बोलावलं.

"काय गो पत्रकवाली, बघ. गणपतीच्या बाजूला जागा दिलीय तुला."

"खाली गणपती, वर मी?"

"तुझा बाप गणपतीला मानत न्हाय ना, म्हणून बाजूला."

मला किती अभिमान वाटला होता ते आज लिहायलाही नको वाटतं.

वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइड आला. काचेच्या एकावर एक तीन फुग्यांचं ते उपकरण कोपऱ्यात कपाटात बंद असायचं, तरी जिन्यापर्यंत सडक्या अंड्यांचा वास. आमच्या बाई म्हणाल्या, "हा वास येतोय तोवर घाबरू नका. जास्त झाला की नाक बधिर करतो. वास गेला की आनंद मानू नका, पळा." मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याच पानावर लिहिलं: दोन हायड्रोजन, एक गंधक. दोन अधिक बत्तीस, चौतीस. हवेहून जड. खाली साचतो.

सगळं माझ्या अक्षरात होतं. पत्रकही माझ्या अक्षरात होतं. पण ती वही कॉलेजच्या पिशवीत होती आणि पत्रक बोटीच्या दारावर, आणि माझ्या डोक्यात ती दोन्ही कधी शेजारी आली नाहीत.

पावसाळ्याची मासेमारी बंदी संपायला आठवडा होता. बोटी खाडीच्या काठाला दोन महिने ताडपत्र्या पांघरून उभ्या होत्या. शनिवार होता. मी दोन वाजता घरी आले. आई ओट्यावर ताट घेऊन बसली होती.

"दादूस येऊन गेला सकाळी," ती म्हणाली. "माझी दोन जुनी लुगडी नेली फाडायला. आज बोटीचा खण उघडायचाय म्हणे."

खण म्हणजे बोटीच्या पोटातली खोल, झाकणाची जागा. बर्फ आणि मासळी त्यातच भरतात.

"लुगडी कशाला?"

"अगं, आत लय घाण वास मारतोय. बंदीच्या आधी घाईघाईत साफ केला नाही नीट, बारीक मासळी तळाला राहिली, त्यात बर्फाचं पाणी. तर तुझ्या पत्रकात लिहिलंय ना, ओलं फडकं बांधा म्हणून?" तिनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. "आणि एक गंमत ऐक. काल दादूसच्या धाकट्या भावानं नुसतं झाकण उचलून आत टॉर्च मारला, तर त्याच्या बोटातली चांदीची अंगठी काळीकुट्ट झाली. वयनी म्हणते, बोटीला नजर लागली. लिंबू आणायला गेलीय."

चांदी काळी करणारा गॅस मला माहीत होता. चांदी आणि गंधक जुळले की काळं सल्फाइड होतं. मासळीच्या अंगात गंधक असतं. दोन महिने बंद खणात, हवा नसताना ती कुजली, की ते गंधक हायड्रोजनला जाऊन मिळतं. चौतीस. हवेहून जड. तो त्या खणाच्या तळाशी पाण्यासारखा भरून बसला असणार. पाण्यात फारसा विरघळतही नाही, म्हणजे लुगड्याचं ओलं फडकं निरुपयोगी. आणि पत्रकावर, माझ्या पत्रकावर, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खाली वाका.

दादूसचा फोन वाजत राहिला. वयनीचा बंद होता. मी चपला न घालता धावले.

आमच्या घरापासून खाडी पंधरा मिनिटांवर आहे. पावसानं रस्ता शेवाळला होता, विहाराच्या वळणावर मी आपटले, गुडघा फुटला, ते मला नंतर कळलं. पळताना मी मोठ्यानं आकडे म्हणत होते. सतरा, एकोणतीस, चौतीस. सतरा, एकोणतीस, चौतीस. का म्हणत होते माहीत नाही. माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात.

बोट धक्क्याला लागून होती. वर फक्त दादूसचा धाकटा भाऊ होता, पंपाचा पाइप आत सोडायचा, खुंटीला बांधलेला दोर हातात घेऊन, कंबर वाकवून खणात बघत. त्याच्या तोंडावर आईच्या लुगड्याची हिरवी पट्टी.

"दादूस कुठाय?"

"आत. शिडीवर."

मी फळीवरून पलीकडे गेले. खणाच्या काठापाशी सडक्या अंड्यांचा तोच वास होता, प्रयोगशाळेतला. दादूस चार-पाच पायऱ्या खाली होता. डोकं काठाच्या खाली. त्यानं वर बघितलं. फडक्यावरून त्याचे डोळे हसत होते.

"आली बघ पत्रकवाली! तुझ्या आयच्या लुगड्यानं कमाल केली गो. मघा वास मारत होता, आता बघ, कायपण वास येत न्हाय."

मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात भयंकर वाक्य ते आहे. किती आनंदानं बोलला तो.

"वर ये! दादूस, वर ये, आत्ता!"

"तळाला वाकून पाइप सोडतो नि येतो. खालीच राहायचं ना? तूच लिवलंयस."

"चुकीचं लिवलंय मी! वर ये!"

तो काहीतरी बोलणार होता. एक पाय खालच्या पायरीकडे गेला होता. मग त्याचे डोळे माझ्यावरून सरकले, जसं कुणी मागून हाक मारावी, आणि हात शिडीवरून सुटले. आवाज फारसा आलाच नाही. पाइपाचा दोर त्यानं कमरेला बांधून घेतला होता, शिडी उतरायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. त्या दोरानं त्याला मध्येच अडकवलं. धाकट्याच्या हातातून दोर वीतभर सरकला आणि खुंटीला ताणला गेला.

धाकट्यानं एक पाय खणात टाकला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड गो! माझा भाऊस मरतोय!"

"उतरलास तर दोघं मराल!"

"सोड, आयची आन, मारीन तुला!"

त्यानं मारलंही. कोपर माझ्या गालावर बसला. मी सोडलं नाही. माझं वजन त्याच्या निम्मं असेल. मला एवढंच आठवतं, की मी एका माणसाला त्याच्या भावाकडे जाऊ देत नव्हते, आणि माझं चुकत असेल तर या बोटीवर मी खुनी होते. मी याआधीही खात्रीनं सांगितलं होतं. मोठ्या अक्षरांत सांगितलं होतं.

"ओढ!" मी ओरडले. "खाली नको जाऊ, दोर ओढ! श्वास धर आणि ओढ!"

त्यानं ओढलं. मी ओढलं. शेजारच्या बोटीवरून दोघं उड्या मारून आले, त्यांनी ओढलं. दादूस काठावरून वर आला तेव्हा त्याचं तोंड शिशासारखं झालं होतं. आम्ही त्याला वाऱ्याच्या अंगाला नेऊन जाळ्याच्या ढिगावर टाकलं आणि मी ते फडकं ओढून फेकलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वल्ह्यांची एक होडी खाडीतून समोरून गेली, तिच्या वल्ह्यांचे फटके मी मोजले, आठ. मग त्याच्या छातीतून एक घरघर आली आणि तो ओकला.

टेम्पोतून त्याला अलिबागला नेलं. तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. डोकं दुखायचं, पायऱ्या चढताना धाप लागायची, नाक बरेच महिने काम करेना. पण तो जगला.

आणि मी सबंध बंदराची लाडकी झाले. वयनीनं माझी दृष्ट काढली. धाकटा, ज्याचा कोपर माझ्या गालावर अजून निळा होता, येऊन पाया पडायला वाकला, मी मागे सरकले. सगळे म्हणत, पोरगी वेळेवर पोचली. तांडेल खाली उतरला कशाच्या भरवशावर, हे कुणी विचारत नव्हतं. 'चुकीचं लिवलंय मी' हे माझे शब्द फक्त दोघांनी ऐकले होते. दादूसला पडण्याआधीचं काही आठवत नव्हतं. धाकट्याला वाटत होतं, मी घाबरून बडबडले.

म्हणजे मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. ही गोष्ट मला रात्रंदिवस खात राहिली. मालकानं चूक लपवली तर माझ्या घरात त्याच्यावर पत्रक निघतं.

मी नवीन पत्रक लिहिलं. त्यात दोन गॅस होते, दोन वजनं. बर्फाच्या कारखान्यात काय करायचं, आणि बोटीच्या खणात काय करायचं नाही. झाकण उघडून वारा खेळू द्यायचा, पाणी वरूनच उपसायचं. वास येईनासा झाला तर मागे फिरायचं. आत माणूस पडला तर मागोमाग उतरायचं नाही. 'जर' होते, 'पण' होते. शेवटी लिहिलं: मागचं पत्रक मी लिहिलं होतं. ते खणाच्या बाबतीत उलटं होतं. त्यामुळे एक माणूस खाली उतरला. चूक माझी आहे.

बाबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "पत्रकात माफी नसते," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग त्यांनी पेन मागितलं. मला वाटलं, शेवटची ओळ खोडणार. त्यांनी तिच्याखाली लिहिलं: 'मथळ्यातला गॅसचा शब्द मी काढला होता.' आणि सही केली.

पहिली प्रत दादूसची होती. बोटीला जाताना माझे पाय त्या शनिवारपेक्षा जड होते. तेव्हा निदान पळता येत होतं. तो केबिनच्या दाराशी उभा होता, धाकटा खणात वरून पाणी मारत होता. मी पत्रक पुढे केलं. दादूसनं दोन ओळी वाचल्या, डोळे मिटले.

"लई लांब लिवलंस गो. उभ्यानं वाचून होत न्हाय. चक्कर येते."

"मग बसून वाच."

तो पिंपावर बसला. बोट एकेका शब्दाखाली ठेवून, ओठ हलवत वाचू लागला. पान उलटलं. मी त्याचं बोट बघत होते. ते शेवटच्या ओळींपाशी आलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"मी उतरलो ते या जुन्याच्या भरवशावर?"

"हो."

"आणि तुला हे म्हायती असताना सगळ्यांकडून आरती ओवाळून घेतलीस?"

"आठ दिवस. हो."

तो उठून केबिनमध्ये गेला आणि मी तिथंच उभी राहिले. त्यानं मला बोटीवरून उतर म्हणावं असं मला वाटत होतं, आणि तो ते म्हणेल याची भीतीही वाटत होती. आतून पकडीनं खिळे उपटल्याचा आवाज आला. तो बाहेर आला, जुनं पत्रक माझ्या हातात दिलं, आणि हातोडीनं नवीन पत्रक दाराला बाहेरून ठोकलं. चार कोपऱ्यांना चार खिळे, वाऱ्यानं फाटू नये म्हणून. शेवटचा खिळा वाकडा गेला, तो काढून त्यानं परत मारला.

"जा आता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला राग आलाय. उद्या ये. येताना अजून वीस कागद आण, सगळ्या बोटींना लावायचेत."